तीन आठवडे हातात आहेत, परदेशात स्वयंसेवक म्हणून जाऊ का?

अर्धवट_भूगोल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या. वय २२, मोठ्यांनी अगं-तुगं केलं तरी चालेल.

१४ डिसेंबर ते ५ जानेवारी अशी सुट्टी आहे. नुसतं फिरून फोटो काढण्यापेक्षा परदेशात जाऊन काहीतरी उपयोगाचं करावं असं डोक्यात आलं. शोधायला बसले तर जाहिरातींचा पूर. त्यातल्या एका ठिकाणी अर्धा फॉर्म भरून ठेवलाय. अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवायचं, दोन आठवडे, शेवटी चार दिवस निसर्ग सहल. फी घसघशीत आहे, पण राहणं-खाणं त्यातच. अनुभव लागत नाही, मुलाखत नाही, पैसे भरले की जागा पक्की. जाहिरातीतल्या फोटोत मुलं एका मुलीच्या गळ्यात पडलीयत. खोटं कशाला बोलू, तो फोटो बघूनच फॉर्म उघडला.

पण काही गोष्टी खटकतायत. दोन आठवड्यांत मी कुणाला काय शिकवणार? आणि सेवा करायला आपणच पैसे द्यायचे, हे असंच असतं का? व्हिसाचं विचारलं तर त्यांचं उत्तर आलं, 'टूरिस्ट व्हिसावर या, विमानतळावर विचारलं तर फिरायला आलेय एवढंच सांगा.' हे सगळे करतात का?

हे नको तर दुसरं काय, तेही सांगा. थंडीची सवय नाही, पण घाबरत नाही.

खारूताई

तो फॉर्म आहे तिथेच थांबव. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

असाच फोटो बघून मी एकविसाव्या वर्षी गेले होते. देशाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही. फाटकातून आत जाऊन पायरीवर टेकले तोच पाचेक वर्षांची एक मुलगी आली आणि मांडीवर बसली. नाव विचारायच्या आधी! मला वाटलं, किती लाघवी पोर आहे. दुसऱ्या दिवसापासून ती कंगवा घेऊन यायची, मधले तीन दात तुटलेला हिरवा कंगवा, आणि पाठ करून बसायची. पंधरा दिवस मी तिच्या वेण्या घातल्या. निघायच्या सकाळी मी रडून लाल. ती फाटकापर्यंत आली. माझी बॅग टॅक्सीत ठेवत होते तेवढ्यात मागच्या गाडीतून नवीन दोघी उतरल्या. मी मान वळवली तर ही त्यातल्या एकीच्या कमरेला बिलगलेली. कंगवा हातातच होता.

तेव्हा मला राग आला होता. तिचा! आता लाज वाटते. अनोळखी माणसाच्या मांडीवर जे मूल बिनदिक्कत चढतं, ते लाघवी असतंच असं नाही. सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली की मुलं दिसेल त्याला चिकटायला शिकतात. बालमानसशास्त्रात हे चांगलं ओळखीचं लक्षण आहे. आणि तो फोटो नेमका त्याच लक्षणाचा असतो.

शिकवण्याचं म्हणशील तर मी 'रेड, ब्लू, ग्रीन'पासून सुरुवात केली. माझ्या आधी आलेल्या प्रत्येकाने तिथूनच केली होती. पोरं गुणी, पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायची. आठव्या दिवशी एका मुलाने मला पुढचा धडा कुठला ते सांगितलं.

अजून एक. त्या मुलीला भेटायला एका शनिवारी तिची आई येऊन गेली. अनाथाश्रमात आई कशी, हा प्रश्नसुद्धा मला तेव्हा पडला नाही. नंतर वाचलं तेव्हा टोचायला लागलं. कंबोडियातल्या अशा आश्रमांमधल्या मुलांची माहिती गोळा झाली, तेव्हा दर चारांतल्या जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात होते. तिकडे पर्यटक वाढत गेले तसे आश्रमही वाढत गेले. मुलं आहेत म्हणून आश्रम, असं नाही राहत मग. पाहुणे येतात म्हणून मुलं लागतात.

पोलिसांचा दाखला मागितला का त्यांनी तुझ्याकडे? नसेल मागितला तर एवढंच बघ की तुझ्याकडे मागितला नाही म्हणजे कुणाकडेच मागत नसणार.

तर माझं मत आता हे: थोड्या दिवसांसाठी जायचं तर असं काम घ्यावं, की आपण निघून गेलो तर कुणाचं काही अडत नाही. ऐकायला विचित्र वाटेल. आपल्याला तर वाटत असतं की आपल्यावाचून अडावं.

खूप वर्षांनी डिसेंबरात लंडनला मैत्रिणीकडे गेले होते. नाताळच्या दिवसांत बेघर लोकांसाठी तिथे निवारे चालतात, त्यातल्या एका ठिकाणी आधीच नाव नोंदवलं होतं. २५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब (भुयारी रेल्वे) बंद, बसही बंद, हे मला २४च्या रात्री कळलं. पहाटे पाचला उठून पावणेदोन तास चालत गेले. वाटेत एक कोल्हा आणि एक रस्ता झाडणारा, एवढेच भेटले. माझ्या वाट्याला आलं मोज्यांचं टेबल. येणाऱ्याचे ओले मोजे घ्यायचे, कोरडा जोड द्यायचा, दिवसभर हेच. आलेल्यांना 'गेस्ट' म्हणायचं. नाव त्यांनी आपणहून सांगितलं तर वापरायचं. रस्त्यावर कसे आलात वगैरे चौकशा अजिबात नाहीत. एक आजोबा दुपारपर्यंत तिसऱ्यांदा आले. मी म्हटलं, सकाळी नेलेत की दोनदा. ते म्हणाले, ते आजचे, हे उद्याचे, उद्या तुम्ही कुठे असणार आहात? मी काय बोलणार. दोन जोड दिले.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर दुसरं कुणीतरी होतं. कुणाचं काही बिघडलं नाही, मोजे तेच होते.

तुझ्या तारखांबद्दल: २४-२५-२६ला असल्या ठिकाणी स्वयंसेवकांची झुंबड असते, महिना-दोन महिने आधी जागा भरतात. २ तारखेनंतर थंडी तेवढीच आणि माणसं गायब. ३१ ते ५ मोकळी आहेस असं कळव, लगेच उत्तर येईल. लहान संस्थांची कार्यालयं मात्र नाताळ ते नववर्ष बंदच असतात, तेव्हा पत्रव्यवहार नोव्हेंबरातच उरकून घे.

आता व्हिसा. जे तुला अधिकाऱ्याशी खोटं बोलायला सांगतात, ते तुझ्याशी खरं बोलत असतील? पगार नाही म्हणजे काम नाही, असं इमिग्रेशनवाले मानत नाहीत. कामाच्या बदल्यात मिळणारी खोली आणि जेवण यालाही बऱ्याच देशांत मोबदलाच धरतात. ब्रिटनमध्ये पाहुण्याच्या व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, पण येण्याचं मुख्य कारण ते असता कामा नये. अमेरिकेत काही ठरावीक धर्मादाय कामांसाठी बी-१ व्हिसाची सोय आहे. शेंगेनचे (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचे) १८० दिवसांतले ९० दिवस ही राहण्याची मुदत झाली, कामाची परवानगी नव्हे, ती त्या त्या देशाला विचारायची. जिथे जाशील तिथल्या दूतावासाच्या संकेतस्थळावर वाच, संस्थेच्या ईमेलवर विसंबू नकोस.

पैसे द्यावे लागणं हे आपोआप वाईट नाही. तुझी गादी, जेवण, तुला काम दाखवणाऱ्याचा वेळ, याला खर्च येतोच. फक्त कुठे किती जातात ते विचार. आणि हेही विचार की माझ्या आधी हे काम कोण करत होतं, मी गेल्यावर कोण करणार. सरळ उत्तर देणारे लोक सरळ उत्तर देतात.

वाळूतला_माणूस

वरच्या प्रतिसादाला काही जोडण्यासारखं फार नाही. पण हिवाळी सुट्टी म्हणजे थंडीच पाहिजे असं कुणी सांगितलं? डिसेंबरात विषुववृत्ताच्या खाली उन्हाळा असतो आणि उष्ण कटिबंधात तर काय, बनियनवर.

मी कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे लेदरबॅक कासवांच्या माद्या ऑक्टोबर ते मार्च अंडी घालायला येतात. पूर्व पॅसिफिकमधली ही कासवं अगदी मोजकी उरलीयत, त्यामुळे प्रत्येक घरट्याची नोंद होते. माझं काम म्हणजे रात्री किनाऱ्यावर चालणे. भरतीच्या वेळेप्रमाणे कधी आठला निघायचं, कधी एकला. पांढरा उजेड बंदी, लाल टॉर्च, तोही गरजेपुरताच. १८ रात्री चाललो, त्यातल्या १३ रात्री काहीच नाही. मऊ वाळूत चार तास चालून काहीच नाही म्हणजे काय ते पोटऱ्यांना विचारा.

१४व्या रात्री आली. आधी दिसली नाही, ऐकू आली. सायकलच्या टायरमधली हवा सोडावी तसा उसासा. मग अंधाराचाच एक तुकडा सरकतोय असं दिसलं. खड्डा कसा खणते माहितेय? मागचा वल्ह्यासारखा पाय ओंजळीसारखा वळवते, त्यात वाळू घेते, बाजूला अलगद ठेवते, मग दुसरा पाय. मागे वळून न बघता. खड्डा इतका खोल की माझा हात खांद्यापर्यंत गेला असता. अंडी पडायला लागली की संशोधक तिच्या मागे पोटावर झोपते, ती 'मोठं', 'छोटं' म्हणत जाते आणि मी शेजारी बसून मोजणीचं बटण दाबत जातो. मोठी ६१, आणि शेवटी शेवटी ज्यांतून पिल्लू होतच नाही अशी लहान २३. कासवाला हात लावायचा परवाना तिचा, माझा नाही. कासवाच्या डोळ्यांतून घट्ट पाणी वाहत होतं. माझ्याबरोबरची मुलगी हळहळली, रडतेय बिचारी. ती रडत नसते, अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकत असते.

ज्या घरट्यांना भरतीचा धोका ती उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात. वाळू तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड राहिली तर नर, म्हणून दुपारी वर जाळी ताणायची आणि दिवसातून तीनदा तापमान लिहायचं. हेही मी केलं. पिल्लं बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात, मी एकही पिल्लू बघितलं नाही. आलो तेव्हा घरच्यांनी विचारलं, काय केलंस? चाललो.

प्राण्यांचं काम शोधत असाल तर एवढं बघा की प्राण्याला कवटाळू देणारी जागा सोडायची. दक्षिण आफ्रिकेत 'छाव्यांना बाटलीने दूध पाजा' म्हणून स्वयंसेवक बोलावणारी केंद्रं आहेत. आईपासून तोडलेले ते छावे पुन्हा जंगलात जाऊ शकत नाहीत. मोठे झाल्यावर त्यांतले कितीतरी कुंपणातल्या शिकारीसाठी विकले गेलेत.

शेवटचा_डबा

तारखा वाचून हसलो. १४ डिसेंबर ते ५ जानेवारी! अमेरिका-कॅनडातली नाताळची पक्षीगणना दर वर्षी नेमकी याच दिवसांत असते. तुम्ही ठरवून सुट्टी घेतलीत की काय?

१९००च्या आधी तिकडे नाताळला दोन गट करून दिसेल तो पक्षी मारायची चढाओढ असे. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञाने १९०० साली सुचवलं की मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २७ जण होते. आता एकेक गट २४ किलोमीटर व्यासाचं वर्तुळ वाटून घेतो आणि एका दिवसात दिसतील-ऐकू येतील ते सगळे पक्षी मोजतो. नवख्याला जाणत्याबरोबर जोडून देतात. मी कॅनडात केलं, उणे १९ मध्ये. पेनातली शाई गोठली, पेन्सिल न्या. श्वासाने दुर्बिणीवर वाफ धरते, श्वास बाजूला सोडायला शिकावं लागतं. नऊ तासांत १४ जातीचे पक्षी, त्यातल्या चिकडी एवढ्या की शेवटी त्यांची चीड यायला लागली.

एका दिवसाचंच काम आहे, तेव्हा त्यासाठी विमानाचं तिकीट काढू नका. त्या भागात असाल तर करा.

थंडीचं: अंगाला लागून सुती कपडा नको. घामाने ओला झाला की वाळत नाही आणि तोच गारठवतो. आत लोकरी, मध्ये उबदार, वर वारा अडवणारं. बूट मोज्यांसकट घालून बघून घ्या, आवळले तर बोटं आधी जातात. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी डोळ्यांदेखत उतरते.

पाटी_फावडं

'वर्ककॅम्प' हा शब्द टाकून शोध. १०-१५ जण, दोन-तीन आठवडे, एखाद्या गावाचं ठरलेलं काम: वाट दुरुस्त करा, भिंत रंगवा, उत्सवाचा मांडव घाला-काढा. बहुतेक उन्हाळ्यात असतात, हिवाळ्यात मोजके, म्हणून आत्ताच बघ.

गंमत म्हणजे सुरुवात हिवाळ्यातच झाली होती. १९२०च्या नोव्हेंबरात पिएर सेरेसोल हा स्विस माणूस काही जणांना घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या एस्न गावात गेला. युद्धात गाव भुईसपाट झालेलं. यांनी राहायला बराकी उभारल्या, शेतं साफ केली. पण त्या गटात जर्मनही होते, आणि तिथल्या लोकांना काही ते पचेना. काही महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. त्यातूनच पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही वर्ककॅम्प भरवणारी संस्था उभी राहिली. मला त्या गावकऱ्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. मदत कुणाच्या हातून घ्यायची हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

विमा काढताना 'शारीरिक श्रमाचं काम' वगळलेलं नाही ना ते बघ. सहलीच्या विम्यात ते बऱ्याचदा बारीक अक्षरात वगळलेलं असतं. शिडीवरून पडलो तेव्हा मला कळलं.

अर्धवट_भूगोल

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री धागा दोनदा वाचला.

खारूताई, तुमचे दोन प्रश्न त्यांना जसेच्या तसे पाठवले: माझ्या आधी कोण शिकवत होतं आणि माझ्यानंतर कोण शिकवणार? वीस मिनिटांत उत्तर आलं. १५ टक्के सवलत! प्रश्नांबद्दल अवाक्षर नाही. फॉर्म पुसून टाकला.

मोज्यांच्या टेबलासारखं काम आवडेल असं वाटतंय. चुलत बहीण लंडनमध्ये असते, तिच्याकडे जायचं तसंही कधीपासून ठरतंय, त्यामुळे व्हिसाचं खोटं बोलावं लागणार नाही. ३१ ते ५ असं तीन ठिकाणी लिहिलंय. कासवं पुढच्या वर्षी, तोवर पोटऱ्या तयार करते.

एक विचारू का? त्या कंगवेवाल्या मुलीचं पुढे काय झालं?

खारूताई

बहिणीचं घर आणि ते ठिकाण यातलं चालत किती अंतर आहे ते आधी मोजून ठेव. ३१च्या रात्री गर्दीमुळे शहराच्या मध्यभागातले रस्तेही बंद करतात.

मुलीचं माहीत नाही. परत आल्यावर तीन वर्षं मी तिला नववर्षाचं कार्ड पाठवत होते. दर वर्षी उत्तर आलं, खाली तिचं नाव, मजकूर शब्दशः तोच, आणि अक्षर दर वेळी वेगळं. चौथ्या वर्षी मी पाठवलं नाही.